दहा लाख एक

बाबा, परवा दहा लाख एकला भाग गेला. एकशे एकने, निःशेष. तुमची नात गणितं सोडवत होती, तेव्हा जरा मिरवायला म्हणून मी तिला तुमची संख्या सांगितली. म्हटलं, हिला कशानेच भाग जात नाही, आजोबांनी सांगितलंय. तिने कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "आई, तुझी नंबर तर जातो. एकशे एकने." इथे बालीगंजात बंगाली बोलत वाढलेल्या आपल्या मुलांचा लिंगाचा घोळ व्हायचाच, गणितात मात्र घोळ नव्हता. मी स्वतः गुणून पाहिलं, एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

मी लहान होते, आई इस्पितळात होती. तुम्ही गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत हिशेब तपासून, तिला भेटून घरी येता, डाळीला फोडणी घालता, आणि मी रोज तेच विचारते, मला कधी नेणार? एका संध्याकाळी तुम्ही पाटीवर ही संख्या लिहिलीत. "हिला भाग जाणारी संख्या शोध. फक्त मूळ संख्या घे, बाकीच्यांवर वेळ घालवू नकोस. सापडली की त्याच दिवशी नेतो." मी स्वयंपाकघरात फतकल मारून भागत सुटले. तीन, सात, अकरा, तेरा, दरवेळी बाकी दोनच. सतराला दहा उरले तर मला केवढा आनंद! पोळ्या लाटता लाटता तुम्ही माझा प्रत्येक भागाकार तपासायचात, कारण दुसऱ्याची साधी बेरीजही तुम्ही कधी तशीच मानली नाहीत.

सत्त्याण्णव झाले आणि तुम्ही म्हणालात, "पुरे आता. ही मूळ संख्याच आहे." न तपासता पाटी पुसलीत. पुढची पाळी एकशे एकचीच होती, बाबा. हजारापर्यंत बघावं लागतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्हाला? मला न्यायचंच नसतं, तर खरीखुरी मूळ संख्या द्यायला तुम्हाला काय जड होतं? म्हणजे आधी न्यायचं होतं, आणि मधेच काहीतरी बदललं. डॉक्टर काही बोलले? की आईच म्हणाली, "अहो, तिला आणू नका, तिने मला अशा अवस्थेत बघायला नको"? त्यानंतरही ती बरेच दिवस होती. मला ती पुन्हा दिसली नाही. याचा मला राग आहे, आणि तो तुमच्यावर काढावा की तिच्यावर, हेही तुम्ही कळू दिलं नाहीत.

तुम्हीही आता नाही, हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून कपाटात ठेवीन. नातीने विचारलं होतं, "आजोबांना नाही समजलं?" मी पटकन म्हणाले, "नाही गं, चुकलं असेल त्यांचं." तुम्ही चुकला नव्हतात. पण चुकला असतात तर मला फार बरं वाटलं असतं.