आधी नावं, मग फोटो

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. थोडक्यात आणि शुद्ध.
साप्ताहिकातल्या नोकरीचा माझा तिसरा, म्हणजे उमेदवारीचा शेवटचा महिना सुरू. आज पेटी आली. सगळे पेटीच म्हणतात. खरं नाव नेटवर्क स्टोरेज. सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवायच्या आणि ज्याने त्याने आपापल्या खात्यातून उघडायच्या. संपादकसाहेब म्हणाले, जुना कॉम्प्युटर कण्हायला लागलाय, त्यातले अकरा वर्षांचे फोटो तीस तारखेच्या आत पेटीत गेले पाहिजेत. गेले तर तू कायम. नाही गेले तर, एवढं म्हणून त्यांनी उरलेला चहा संपवला.
काम दोन दिवसांचं. मी एक धरतो.

३ सप्टेंबर, मंगळवार
पेटीची माहितीपुस्तिका वाचली. बासष्ट पानं. पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली, प्रत्येक पानाखाली पेन्सिलने टिक केली. स्पेलिंगच्या नऊ चुका सापडल्या, दुरुस्त केल्या. माझा डिप्लोमा अर्धवट राहिला हे खरं, पण ज्यांनी पूर्ण केला त्यांनी असं वाचलं असतं का?

४ सप्टेंबर, बुधवार
खात्यांची नावं ठरवली. नियम एकच: नाव माणसाचं नाही, टेबलाचं. माणसं येतात-जातात, टेबल राहतं. बातम्यांचं टेबल न्यूज. वाचकांची पत्रं आणि मुद्रितं बघणाऱ्या बाई, त्यांचं मेल. शब्दकोडीवाले आजोबा गेम्स. फोटोकाकांचं फोटो. माझं ऑपरेटर.
यादी छापली, साहेबांची सही घेतली, लॅमिनेट करून भिंतीवर लावली. बाई म्हणाल्या, अरे, आधी खाती उघडून तर बघ, मग प्लॅस्टिकात घाल. त्यांना पद्धत कळत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
स. ११.१०. न्यूज टाइप केलं. पेटी म्हणते, हे नाव चालणार नाही, दुसरं द्या.
११.१५. मेल. तेच उत्तर. गेम्स, तेच. ऑपरेटर, तेच.
११.२०. फोटो मात्र लगेच झालं.
फोटोकाका खूश. खुर्ची ओढून बसले नि म्हणाले, चल बाळा, माझे फोटो सोड आत, बाकीच्यांचं सावकाश बघ. मी ते खातं काढून टाकलं. पाचांतल्या एकालाच मान मिळाला तर बाकीच्यांना काय वाटेल? आधी नावं, मग फोटो. काका म्हणाले, घराला आग लागलेली असताना बादल्यांवर नंबर घालणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. काका विनोदी आहेत.

७ सप्टेंबर, शनिवार
कारण सापडलं. ईमेलच्या वेळीही असंच होतं. नाव आधीच कोणी घेतलेलं असलं की आपल्याला मिळत नाही. म्हणजे ही चार नावं कोणीतरी घेऊन बसलंय. चौकशी सुरू केली.
कोडीवाल्या आजोबांना विचारलं, गेम्स नावाचं खातं तुम्ही उघडलंत का? ते म्हणाले, मला माझा जेवणाचा डबा उघडत नाही.
आजोबांवरचा संशय मागे.

१० सप्टेंबर, मंगळवार
दुकानदाराला फोन केला. वापरलेली पेटी नवी म्हणून विकलीत का, असं स्पष्ट विचारलं. तो आधी चिडला. मग म्हणाला, अहो, नावापुढे आकडा लावा, होऊन जातं. न्यूज-एक. मी म्हटलं, न्यूज-एक वाचल्यावर लोक विचारणार, न्यूज-दोन कुठे आहे? तो म्हणाला, लोकांना कामं असतात.
फोन ठेवला. त्याने.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
पेटी पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरू केली. तीनदा. चारही नावं अजून कोणाच्या तरी ताब्यात.
घरी ताईने विचारलं, झालं का रे? मी म्हटलं, नव्वद टक्के. ही नोकरी भावजींच्या शब्दावर मिळाली आहे, त्यामुळे ते लक्ष ठेवून असतात. म्हणाले, मागच्या शुक्रवारीही नव्वदच होतं. मी म्हटलं, म्हणजे घसरण तर नाही ना. ताईने भावजींकडे पाहिलं. भावजींनी पंख्याकडे.

१७ सप्टेंबर, मंगळवार
जुना कॉम्प्युटर आज दोनदा आपोआप बंद पडला. बाई म्हणाल्या, माझ्याकडे पेनड्राइव्ह आहे, निदान थोडे तरी फोटो काढून ठेवू या. मी नको म्हटलं. दोन ठिकाणी प्रती झाल्या की खरी कोणती, हा घोळ होतो.
पेटीच्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. अडीच पानं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार
कंपनीचं उत्तर नाही. काळजीपूर्वक वाचत असतील.
नावं बदलण्याचा पाच मिनिटं विचार केला. पण लॅमिनेशन.
निश्चय: गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर आकडे लावायचे. तशी यादी तयार करून पेटीतच ठेवली. अंतिम-७.

२५ सप्टेंबर, बुधवार
स. ९.४०. जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही.
१०.३०. अजून नाही.
दुपारी दुरुस्तीवाला आला. डिस्क काढून कानाशी हलवली. म्हणाला, आतली तबकडीच खरवडली गेलीय, यातून काही निघायचं नाही.
फोटोकाका लेन्स पुसत बसले. ती स्वच्छच होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, पाच तारखेला माझं खातं झालं होतं ना रे? मी हो म्हटलं. फोटो आत जायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, तीन तास. काका बरं म्हणाले आणि घरी गेले.
गेल्या वर्षी वारलेल्या काकूंचेही फोटो त्यात होते. हे मला नंतर बाईंनी सांगितलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी. काही नावं पेटी स्वतःच्या आतल्या कामांसाठी ठेवून घेते, ती कोणालाच देता येत नाहीत. यादी पुस्तिकेच्या पान ३८ वर दिली आहे.
पान ३८ उघडलं. यादी आहे. इंग्रजी अक्षरक्रमाने. गेम्स, मेल, न्यूज, ऑपरेटर. वरच्या सूचनेतल्या एका शब्दाचं स्पेलिंग पेन्सिलने दुरुस्त केलेलं आहे. पानाखाली टिक. माझीच.

३० सप्टेंबर, सोमवार
सकाळी बाईंनी सगळ्यांची खाती उघडली. नावांपुढे आकडे लावून. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसलो होतो. न्यूज-दोन कुठे आहे, असं कोणीही विचारलं नाही.
साहेबांनी आत बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, तुझ्या भावजींना मी कळवतो. मी म्हटलं, मीच सांगेन. ते म्हणाले, नको, तू नव्वद टक्केच सांगशील.
भिंतीवरची यादी काढली. लॅमिनेशनमुळे फाटत नाही. नियम मात्र बरोबर होता. माणसं जातात, टेबल राहतं.
निघताना फोटोकाकांनी हाक मारली. ते आपल्या खात्यातून पेटी उघडून बसले होते. आत एकच फाइल: खात्यांची यादी, अंतिम-७. काका म्हणाले, ही तुझी ना? जाताना घेऊन जा.
कशात नेणार, मी म्हटलं.
बाईंनी पेनड्राइव्ह पुढे केला.