टाळ्या नकोत

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय छोट्या,

आशीर्वाद आहेतच. चाळिशीला आलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये हे कळतं, पण तुझ्यासाठी दुसरी हाक माझ्या तोंडात बसत नाही. पोरी बऱ्या असतील. माझी पाठ दुखते, शिलाई मशीन चालू आहे, बाकी ठीक.

बाबा गेल्याचं काकांनी कुठून तरी नंबर मिळवून तुला फोनवर सांगितलं, तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. गडबडीत तुझा नंबर सापडला नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी चर्चमधल्या अंत्यविधीच्या मिस्सेबद्दल सांगते, तुला ऐकायचं असेलच.

चर्च भरलं होतं. बेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवलेला माणूस, म्हणून गायकमंडळातल्या पोरांना शवपेटी बाहेर नेताना टाळ्या वाजवायच्या होत्या. हल्ली बऱ्याच ठिकाणी वाजवतात. पण बाबांनी फादरांकडे आधीच चिठ्ठी देऊन ठेवली होती. उभं राहा, गप्प राहा, टाळ्या नकोत. फादरांनी ती वाचून दाखवली. मग पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, धूप फिरवला आणि सगळे उभे राहिले. ट्रॉलीचं चाक कुरकुरलेलं मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

आणि मग आपले काका. कानाचं यंत्र घरी विसरलेले. सगळे उभे राहिलेले पाहून त्यांना वाटलं, आता वाजवायच्या. एकट्यांनी दणदणीत सुरुवात केली. काकूंनी हात धरेपर्यंत सात-आठ टाळ्या झाल्या असतील. मी घाबरून वर माळ्यावर ऑर्गनकडे पाहिलं. तिथली नवी मुलगी हसू दाबत होती. फादरही गालात हसले. पेटी बाहेर गेली, कुणाचं काही बिघडलं नाही. एवढीशीच तर गोष्ट होती. मला तिथेच रडू फुटलं आणि लोकांना वाटलं, बाबांसाठी रडते आहे.

आईच्या दफनाच्या दिवसाबद्दल आपण अकरा वर्षांत एक शब्द बोललो नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते कधी कुठे कबूल केलेलं नाही. आई तीस वर्षं बाबांच्या ऑर्गनशेजारी उभी राहून गायली आणि बाबांनी तिला एकदाही ‘छान गायलीस’ म्हटलं नाही. तिची पेटी निघाली तेव्हा मला राहवलं नाही. पहिली टाळी माझी होती. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून वाजवायला लागलास.

वर ऑर्गनशी बाबांची पाठ आपल्याकडे असायची, खालचं त्यांना फक्त ऑर्गनवरच्या आरशातून दिसायचं. त्यात तू होतास, मी खांबाआड होते. वाजवता वाजवता त्यांनी हात उचलले आणि कठड्याशी येऊन सगळ्यांदेखत ओरडले, “हा काय तमाशा वाटला तुला? बाहेर हो!” तू मान खाली घालून बाहेर गेलास. आईच्या खड्ड्यात मूठभर माती टाकायलाही थांबला नाहीस. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी घाबरून गप्प बसले. नंतर रोज थोडं थोडं अवघड होत गेलं, एवढंच. तूही माझं नाव सांगितलं नाहीस.

आता नंबराचं. नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेलाच होता. बाबा शेवटचे एकोणीस दिवस अंथरुणावर होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, “छोट्याला बोलाव. त्याला सांग, बरोबर त्याचंच होतं. तुझ्या आईला टाळ्या मिळायला हव्या होत्या, निदान माझ्याकडून तरी.” मी म्हटलं, बोलावते.

रोज विचारायचे, “लागला का फोन?” मी म्हणायचे, लागत नाही. छोट्या, मी तो एकदाही लावला नाही. तू आला असतास, तर त्यांनी तुझा हात धरून माझ्या टाळीपायी तुला हाकलल्याची माफी तुझ्याकडे मागितली असती आणि मला शेजारी बसून ते ऐकावं लागलं असतं. उद्या लावू, म्हणत राहिले. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. दाराकडे तोंड करून पडून होते.

ते तुझ्यावर रागावून गेले असं तू समजत असशील. तसं नाही. त्यांनी तुझी वाट पाहिली.

येत्या बावीस तारखेला त्यांची महिन्याची मिस्सा आहे, सकाळी नऊला. शेवटी घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलतं. मी बोलणार आहे, असं फादरांना सांगितलंय. काय बोलणार ते त्यांना माहीत नाही. हे पत्र आहे तसं वाचून दाखवणार आहे. ज्यांच्यादेखत तू बाहेर गेलास, त्यातले बरेचसे अजून येतात. तू ये किंवा नको येऊस, मी वाचणार.

तुला अजून तसं म्हणवत असेल तर,
तुझी ताई