न्हाव्याच्या खुर्चीवरील तारा

चिरंजीव भिंगरीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. येथे सर्व क्षेम. आमचा गुडघा कुरकुरतो, परंतु तो मूळचाच तक्रारखोर. सुट्टीत घरी यावे की दुर्बिणीवर मिळालेली पाळी घ्यावी, असे तू विचारले आहेस. पाळी घ्यावी. येथे तुझ्यावाचून कोणाचेही अडलेले नाही.

तुझे संशोधन (मोठा तारा वेगाने गरगरला, की त्याच्या पोटात तयार झालेला नायट्रोजन ढवळून पृष्ठभागावर येतो आणि त्याच्या प्रकाशावरून ओळखू येतो) आम्हांस पूर्ण समजले. आम्ही चौथी उत्तीर्ण आहोत, शिवाय जन्मभर रंगाचे दुकान चालविले आहे. तळाचे वर कसे येते, हे आम्हांस कोणी शिकवू नये. परंतु तुझ्या आईचे वडील, म्हणजे आमचे व्याही, न्हाव्याच्या दुकानात सर्वांसमक्ष म्हणाले, "पोरगी तिकडे आकाशात बघत बसते. ताऱ्याच्या पोटातलं हिला इथून काय दिसणार, कपाळ?" आमचे पित्त खवळले. तडक घरी जाऊन रंगाचा डबा आणला. तळाशी पिवळा, वर निळा. सर्वांस निळा दाखवून झाकण बोटांनी दाबले (हातोडी घरीच राहिली) आणि डबा फिरत्या खुर्चीवर ठेवला. येथे सवयीने घात केला. रंग तळाशी बसू नये म्हणून दुकानात डबे उलटे ठेवावयाचे, हा आमचा जन्माचा दंडक. हात आपोआप वळला, डबा उलटा बसला, आणि न्हाव्याने उत्साहाने खुर्ची गरगरविली.

झाकण निसटले आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या टकलावर जे उतरले, ते हिरवे होते. हिरवे, भिंगरी! व्याही टॉवेल चाचपडत ओरडले, "अहो, हे मिसळलं ते डबा उलटा केलात म्हणून, फिरवलात म्हणून नव्हे!" (शंका रास्त आहे, परंतु हिरव्या टकलाच्या शंकेस उत्तर देण्यास आम्ही बांधील नाही.)

तेथील वडीलधाऱ्यांस नमस्कार सांगावा. दुर्बिणीस हात धुऊनच स्पर्श करावा.

तुझे आजोबा

ता. क. व्याह्यांचा रंग उतरला. कानामागे किंचित आहे, तो आम्ही त्यांस सांगितलेला नाही.

आणखी ता. क. काही तारे संथ फिरतात, तरीही त्यांच्या पोटातले वर येते आणि त्याचे कारण पक्के ठाऊक नाही, असे तू लिहिले आहेस. आम्हीही गुडघ्यामुळे हल्ली फारसे फिरत नाही. तरी हे पत्र लिहिताना आतले सारखे वर येत आहे. पाळी अवश्य घे, पण ती संपताच घरी ये. व्याही तुझी वाट पाहत आहेत. आम्हीही पाहत आहोत, हे मात्र त्यांस कळवू नये.