‘शॉर्ट’ची नोंद

सोमवार, ४ मार्च

कोशाचं काम आज वाटलं. खिशात मावेल असा इंग्रजी-मराठी कोश करायचाय, आपल्याकडे जशी इंग्रजी बोलली जाते तशीच घेऊन. शेजारच्या टेबलावरच्या स्वल्पविरामला ‘सेट’पासून ‘स्लो’पर्यंत सगळा पट्टा मिळाला. बोलताना दर तीन शब्दांनी थांबतो म्हणून त्याला स्वल्पविराम म्हणतात. त्या पट्ट्यातला एक शब्द साहेबांनी स्वतः बाजूला काढला आणि मला दिला. शॉर्ट. म्हणाले, तुम्ही एवढा एकच करा. सावकाश करा, घाई नाही.

बाकी सगळ्यांना घाई आहे. मला एकट्याला नाही. विश्वास म्हणतात तो हा.

संकल्प: पहाटे उठणे. कमी बोलणे. रोजनिशीत पाल्हाळ टाळणे.

मंगळवार, ५ मार्च

उठायला उशीर. अलार्म वाजला नाही. ही म्हणते वाजला, आणि मीच तिला बंद करायला लावला. माझ्या लक्षात नाही, म्हणजे तसं झालेलं नाही.

साहेबांचा नियम: उदाहरणाचं वाक्य कानावर पडलेलं हवं. मनाने रचायचं नाही, विचारून काढायचं नाही. विचारलं की माणूस शुद्ध बोलायला लागतो. कोण बोललं, कुठे बोललं, ते चिठ्ठीवर टिपायचं.

आजची कमाई. दुकानदार: ‘माल शॉर्ट आहे.’ शिंपी: ‘बाही शॉर्ट होईल, मग मला बोलायचं नाही.’ वायरमन, आमच्याच जिन्यात, शिडीवरून: ‘शॉर्ट झालंय.’ अपुरा, आखूड आणि जळलेला. एका दिवसात तीन अर्थ. स्वल्पविराम अजून ‘सेट’वरच आहे.

गुरुवार, ७ मार्च

‘शॉर्ट-टेंपर्ड’ हवा होता. हिच्याकडून मिळेल असा अंदाज बांधला. सकाळी तिचा चष्मा फ्रिजवर मागच्या बाजूला ठेवून दिला आणि पेपर वाचत बसलो. हिने शोधला, सापडला, पुसला, घातला. काही बोलली नाही. माणसाने काही बोलायला नको का? एवढंच मी जरा मोठ्याने विचारलं. मग दूध उतू गेलं त्यावरूनही विचारलं.

नंतर ही ताईशी फोनवर बोलत होती, तेव्हा मी दाराआड उभा होतो. ‘हल्ली फार शॉर्ट-टेंपर्ड झालेत.’ वाक्य मिळालं. अंदाज बरोबर होता. चिठ्ठीवर लिहिलं: बोलणारी, पत्नी. कोणाविषयी, अनिर्दिष्ट.

रविवार, १० मार्च

सुट्टी असूनही काम. ‘शॉर्टहँड’ची चिठ्ठी घरबसल्या झाली. बाबा जन्मभर स्टेनोग्राफर. चहा पिता पिता ताईला फोनवर सांगत होते, ‘साहेब लोक तास तास बोलायचे. आम्ही सगळं शॉर्टहँडमध्ये उरकायचो.’ उत्तम वाक्य. ताईही लहानपणी त्यांच्याकडून ते शिकली. मी शिकलो नाही. मला पूर्ण शब्द आवडतात.

बाबा पुढे असंही म्हणाले की मोरीपर्यंत गेलं तरी श्वास पुरत नाही. माझा चहाचा कप हातातच राहिला. ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ.’ नेमका हाच प्रयोग माझ्याकडे नाही. आणि बाबा तो मराठीत बोलले. आयुष्य इंग्रजीत काढलं, आणि मुलाच्या उपयोगाची वेळ आली तेव्हा मराठी.

ही म्हणाली, डॉक्टरांकडे नेऊ या. म्हटलं, नेऊ या की. कोण नाही म्हणतंय.

सोमवार, ११ मार्च

नियम मोडला नाही. विचारलं नाही. फक्त सहज विषय काढला, की बाबा, तुमच्या ऑफिसात कोणाला असं धाप लागल्यासारखं झालं तर काय म्हणत असत?

बाबांनी बराच विचार केला. ‘ऑफिसात असं कोणाला होत नसे,’ म्हणाले.

ते रात्री दोन उशा घेऊन, टेकून झोपतात असं ही सांगत होती. उशांचा ‘शॉर्ट’शी संबंध नाही.

बुधवार, १३ मार्च

हिने मला न विचारता उद्या संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतली होती. मी फोन करून ती सोमवारवर ढकलली. हिला नीट समजावलं. उद्या औषध सुरू झालं की धाप जाईल. धाप गेली की वाक्य गेलं. अभ्यासात नमुना आधी, उपाय नंतर. चार दिवसांनी काय बिघडतं.

ही म्हणाली, ‘तुमचं तुम्हाला ऐकू येतं का?’

ऐकण्याचंच तर काम करतो मी. हिला अजून माझी नोकरी कळलेली नाही.

पहाटे उठण्याचा संकल्प कोश छापून होईपर्यंत स्थगित.

गुरुवार, १४ मार्च

संध्याकाळी बाबांना आपणहून फिरायला नेलं. ही खूश झाली. स्वेटर दिला, टोपी दिली. बाबाही खूश. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेलो, बसलो. मी लहान असताना त्यांच्या ऑफिसात गेलो होतो आणि टाइपरायटरची रिबन ओढून काढली होती, ते सांगून हसले. मी आठवतंय असं म्हटलं. मला अजून वाक्याची वाट पाहायची होती.

परतल्यावर लिफ्ट बंद आहे असं सांगितलं. लिफ्टचं दार बंदच होतं, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. आमचं घर चौथ्या मजल्यावर.

पहिल्या मजल्यावर बाबा थांबले. मी चिठ्ठी काढली, पेन उघडलं. बोलले नाहीत. दुसऱ्यावर कठडा धरून उभे राहिले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

‘चिठ्ठी कशाला?’ म्हणाले. पुन्हा मराठी.

मी म्हटलं, तुम्ही बोला बाबा, माझ्याकडे लक्ष देऊ नका.

तिसऱ्यावर ते पायरीवर बसले. ओठ निळसर दिसत होते, पण जिन्यातला दिवाच तसा आहे. काही बोलणार असं वाटत होतं, इतक्यात शेजारी लिफ्ट येऊन थांबली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. बाबांनी लिफ्टकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

‘चालू झाली वाटतं,’ मी म्हटलं.

बाई पिशवी तिथेच टाकून बाबांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. अँब्युलन्स त्यांनीच बोलावली. फार गडबड्या बाई आहेत. अशा गोंधळात कोण वाक्य बोलणार.

शुक्रवार, १५ मार्च

मिळालं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या, ‘पेशंट शॉर्ट ऑफ ब्रेथ आहे, बेड वर करा.’ न विचारता, सहज, दोन हातांच्या अंतरावरून. मी तिथेच भिंतीला टेकवून चिठ्ठी लिहिली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, कधीपासून होतंय हे? मी लिहीत होतो. हिने सांगितलं.

बाबांचं हृदय दमलंय, फुप्फुसात पाणी झालंय. आठवडाभर आधी आणायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. ही माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, सोमवारची वेळ घेतलेलीच होती.

मग म्हणाल्या, ‘आमच्याकडे स्टाफ शॉर्ट आहे, घरचं कोणीतरी थांबा.’ वाक्य चांगलं आहे, पण दुकानदाराचा अर्थ तोच. घेतलं नाही. थांबायला ही होती. मी ऑफिसात गेलो. इतकी मेहनत अर्धवट सोडली तर बाबांनाच वाईट वाटेल.

शनिवार, १६ मार्च

ताई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना भेटून आली होती. लोकांना दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये फार रस.

तिला वॉर्डाबाहेर बाकावर बसवून कोशाची पद्धत सांगितली. कानावर पडलेलं वाक्य, न विचारलेलं, बोलणारा, ठिकाण. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. ताई शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे पायरी पायरीने सांगितलेलं तिला पटतं.

शेवटी म्हणाली, ‘वाक्यासाठी तू त्यांना जिना चढवलास.’

मी म्हटलं, नियम माझा नाही, साहेबांचा आहे.

ताई उठून आत गेली. मीही गेलो. बाबांच्या तोंडावर मास्क. मला पाहिल्यावर त्यांचं बोट चादरीवर हलायला लागलं. बारीक वळणं, एक रेघ, एक टिंब. शॉर्टहँड. मी ताईला विचारलं, काय लिहितायत? ती बोटाकडे बघत राहिली.

‘याला घरी पाठव, असं लिहितायत.’

गेलो. आजारपणातही त्यांना माझ्या कामाची काळजी. अशी कदर आमच्या घरात फक्त त्यांनाच. संध्याकाळभर बसून सगळ्या अर्थांची क्रमवारी लावली. ‘शॉर्टकट’ आधी की ‘शॉर्टलिस्ट’, यात वेळ गेला. हिला फोन करून विचारावंसं वाटलं, पण तिचा फोन लागेना.

सोमवार, १८ मार्च

नोंद साहेबांना नेऊन दिली. सगळ्या चिठ्ठ्या, सगळे अर्थ, जोडशब्द वेगळे, गठ्ठ्याला दोरी. साहेबांनी गठ्ठा हातावर तोलला. पुस्तक खिशात मावायचंय, म्हणाले. मी म्हटलं, भाषा मावत नाही. साहेबांनी डोळे चोळले.

मग खणातून छापलेलं पान काढलं. S चं. ‘शॉर्ट’ त्यात आधीच बसलेला होता. चार ओळी, जुन्या आवृत्तीतल्या, स्वल्पविरामने पहिल्याच आठवड्यात लावलेल्या. साहेब म्हणाले, राग मानू नका, तुम्हाला दुसरं काही दिलं असतं तर पुस्तक या वर्षी निघालं नसतं.

यातून दिसतं की छोट्या पुस्तकासाठी माझी नोंद फार मोठी आहे. मोठा कोश निघेल तेव्हा तीच पाया ठरणार. साहेबांनी तसं शब्दांत सांगितलं नाही. मोठ्या योजना कोणी शब्दांत सांगत नाही.

हे चालू असताना हिचा फोन वाजत होता. दोनदा कापला. तिसऱ्यांदा साहेबच म्हणाले, घ्या. मी म्हटलं, घरचाच आहे. फोन बंद करून ठेवला आणि क्रमवारी कशी लावली ते त्यांना समजावून सांगितलं.

फोन बाबांचा होता. म्हणजे, बाबा गेल्याचा.

मंगळवार, १९ मार्च

सगळं आटोपलं. लोक बरेच आले. बाबांच्या ऑफिसातले दोन म्हातारे काठ्या टेकत आले. कोणी मला विचारलं नाही की कसं झालं. ताईला विचारत होते. मोठी म्हणून विचारत असावेत. ताई मला दिसेल अशा जागी उभी राहत नव्हती. दुःखात माणसं अशी इकडे तिकडे होतात.

बुधवार, २० मार्च

पेपरातल्या निधनाच्या नोंदीचा मजकूर मीच लिहिणार, असं आपणहून सांगितलं. घरात शब्दांचं काम करणारा मी एकटा. सकाळी बसलो आणि एका बैठकीत केला. कोश शिकवतो ते हेच: एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ताईने कागद घेतला, घडी केली, पर्समध्ये टाकला. वाचलासुद्धा नाही. माझ्या मराठीवर तिचा पहिल्यापासून भरवसा.

ही बॅग भरून ताईबरोबर गेली. थोडे दिवस, म्हणाली. किती ते विचारलं. म्हणाली, बघू. चष्मा घरीच विसरली. फोन करून सांगितलं तर म्हणाली, दुसरा केलाय.

संकल्प: घर एकट्याने नीट ठेवणे. पहाटे उठणे. हिला दाखवून देणे.

शुक्रवार, २२ मार्च

नोंद छापून आली. पहाटेच उठून पेपर आणला. लिफ्ट दुरुस्तीला होती, चारही मजले चढलो. धाप लागली.

फोटो चांगला आलाय. मजकूर माझा नाही. माझ्यापेक्षा साधा आहे. निवृत्त स्टेनोग्राफर, कामात चोख, मितभाषी. त्यांच्यामागे मुलगी, जावई, सून.

पुन्हा वाचलं. मुलगी, जावई, सून.

पेपरात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, मजकूर असाच आला होता. बाईंनी समोर उभं राहून तपासला, दुसऱ्या बाईंनी पुन्हा वाचला, मग पैसे भरले. मी म्हटलं, एक शब्द गळलाय. कोणता, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही त्या बाईंशीच बोला.

बोलायचं कारण नाही. आपलाच माणूस आहे, समजून घेईल, असा माणूस अशा वेळी आधी गाळला जातो. जागा कमी पडली असणार. 

नोंदीच्या चौकटीत खाली दोन ओळींची जागा कोरी आहे.