मैदानाच्या करारावरची दुसरी सही

वस्ताद, उद्या सकाळी मला विश्रामबागेत वकिलाच्या ऑफिसात बोलावलंय. आपलं नदीकाठचं मैदान लग्नाच्या लॉनसाठी एका मंडपवाल्याला दहा वर्षं भाड्यानं द्यायचा करार आहे. अध्यक्षांची सही झाली, खजिनदाराची राहिली, आणि खजिनदार मी आहे. दोन्ही सह्या असल्याशिवाय कागद उभा राहत नाही, हा नियम तुम्हीच घालून गेलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मंडळातल्या निम्म्या पोरांना तुम्ही म्हणजे तालमीतला हार घातलेला फोटो, एवढंच माहीत आहे. तरी तुम्हालाच लिहायला बसलोय, कारण मला शिव्या घालील असं आता कोणी उरलेलं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "करा काय करायचं ते, पण आधी जेवून घ्या." जेवलो आणि बसलो.

मैदान कशाला द्यायचं, तर पैसे मोजून बाहेरचे फुटबॉल खेळाडू आणायला. हे ऐकून तुम्ही हसाल, नाहीतर चप्पल काढाल. मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं. सराव झालाय, आम्ही सगळे चिखलाचे पाय घेऊन मागच्या दारात बसलोय, काकू मोठ्या पातेल्यातले उकडलेले हरभरे वाटीनं वाढतायत आणि वर गूळ देतायत. तुम्ही मार्केट यार्डातून आलेला असता. तोलाराचं काम, दिवसभर हळदीची पोती काट्यावर, त्यामुळं तुमच्या पायाच्या नखांपर्यंत पिवळं. काकू रोज ओरडायच्या, "आवं, पाय धुऊन या की, सगळी फरशी हळदीची क्येली," आणि तुम्ही रोज तसेच आत यायचात. तिथंच मंडळाचा कारभार चालायचा. मिळकत ती काय? गणपतीच्या वर्गणीतलं उरलंसुरलं, आपल्या स्पर्धेच्या तिकिटांचे पैसे, आणि तालमीखालच्या गाळ्यात पेंड-सरकी विकणाऱ्या जैन काकांचं भाडं. त्यातून बूट यायचे, बॉल यायचे, हरभरे यायचे, कुणाचा गुडघा सुजला तर त्याचं प्लॅस्टर व्हायचं. आणि पुराच्या वर्षी, पाणी ओसरलं की मैदानावरचा गाळ काढायला ट्रॅक्टर. बास. त्यापलीकडे मंडळाच्या पैशाला दुसरं काही काम असतं, असं आम्हाला माहीतच नव्हतं.

माहीत झालं ते कोल्हापूरच्या एका तालमीनं आपल्याला सेमीफायनलला धुतलं त्या वर्षी. त्यांनी गोव्याचा एक फॉरवर्ड आणला होता. मी तेव्हा नुकताच बँकेत चिकटलेलो, अंगात लय शहाणपण. हरभरे खाता खाता म्हणालो, "वस्ताद, आपुन पन एक आणूया की. गाळ्याचं भाडं हाय, तिकिटाचं हाय." तुम्ही वाटी खाली ठेवलीत. "दिसभर काट्याम्होरं उभा ऱ्हातोय मी," तुम्ही म्हणालात, "हळद तोलतोय, गूळ तोलतोय. आता माणूस तोलाय लावतोस व्हय रं? म्हस आणायची आसंल तर सांग, उद्या मिरजंच्या बाजारातनं आणतो. निदान दूध तरी दील." अख्खा संघ फिदीफिदी हसला. मी मान खाली घालून हरभरे चावत बसलो. राग आला होता तुमचा. आजही थोडा येतो, खोटं कशाला बोलू.

कारण तुमचं दुसरं टोकही तसंच होतं. विकत आणायचा नाही, तसा विकायचाही नाही. दुसऱ्या संघानं आपला खेळाडू मागितला की तुम्ही त्याला मैदानाच्या मधोमध उभा करायचात, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ आणि ना-हरकतीची चिठ्ठी. पैसे घेतले तर तो पुन्हा आपल्या मैदानात मान वर करून यायचा नाही, असं तुमचं म्हणणं. तुमच्यामागं हे मी चालवलं. वडूजकडचा एक पोरगा इथं आत्याकडं राहून शिकायचा. दुष्काळी भागातला, काटक, डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा पळायचा. आपल्याकडंच लहानाचा मोठा झाला. पुण्याच्या एका क्लबची माणसं गाडी घेऊन आली आणि अदबीनं म्हणाली, "मंडळाची काही अपेक्षा?" वस्ताद, काय सांगू, माझी छाती फुगली. मी म्हणालो, "आमच्यात घेत नाहीत." त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, आदरानं बघितलं. मी पोराला टोपी घातली, नारळ दिला, आणि ते लगोलग निघाले, आमचा विचार बदलायच्या आत.

दोन हंगामांनी त्या क्लबनं त्याला मोठ्या संघाला दिला आणि जी रक्कम घेतली ती पेपरात आली. त्या पैशात त्यांनी तीन नवे खेळाडू आणले आणि वसतिगृह बांधलं. धंदा असा असतो म्हणे. एक विकायचा, त्यातून तीन आणायचे, त्यातला एक तयार करून पुन्हा विकायचा. टीव्हीचे पैसे, जाहिरातीचे पैसे, तिकिटं हे सगळं वर. जगभरचे क्लब असेच चालतात. विकताना करारात एक ओळ घातली असती, की पुढं विकलात तर त्यातला वाटा आमचा, तर मैदानाच्या भोवतीनं भिंत झाली असती. पण वाटा मागायला आधी किंमत सांगावी लागते, आणि आपण नारळ दिला.

मग आपल्या मंडळानं अर्धाच धंदा शिकला. विकायचा नाही ते नाहीच, तिथं तुमचं नाव आडवं येतं. आणायचा मात्र सुरू झाला. आता सगळेच आणतात, वस्ताद, नुसत्या गल्लीतल्या पोरांवर पहिल्या फेरीच्या पुढं कोणी जात नाही. पहिल्या वर्षी एक आणला, गाळ्याचं भाडं आगाऊ घेऊन. सेमीफायनल गाठली, मैदान भरलं, तिकिटं खपली. अध्यक्ष म्हणाले, बघा, पैसा पैशाला ओढतो. पुढच्या वर्षी तीन आणले आणि पावसानं निम्म्या मॅच बुडाल्या. मग पुढच्या गणपतीची वर्गणी आधीच उचलली आणि आणखी आणले. मी बँकेत जन्म काढला, ऊस फडात उभा असताना त्याचं बिल आधीच उचलून खाणारी माणसं रोज काऊंटरला बघितली, आणि स्वतःच्या मंडळात तेच होताना फक्त जमाखर्च नीटनेटका लिहीत बसलो. येत्या गणपतीचे पैसे आधीच्या एका स्ट्रायकरनं नेले. आता उरलंय ते मैदान. पूररेषेच्या आत, म्हणून बिल्डर फिरकले नाहीत, आपण निर्धास्त होतो. लॉनला बांधकाम लागत नाही, नुसतं गवत लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं असेल देव जाणे.

मीटिंगमध्ये मी बोललो. अध्यक्षांना तुम्ही ओळखता. ज्याला तुम्ही आडदांड म्हणून बॅकला खेळवायचात, तोच. आता ठेकेदार आहे, गळ्यात साखळी आहे, मनानं वाईट नाही. मी म्हणालो, "मैदान गेल्यावर पोरं सराव कुठं करणार?"

"पहाटं करतील की. लगीन काय पहाटं नसतंय."

"आणि मांडवाच्या खड्ड्यात पाय गेला म्हणजे?"

"आवं, तात्या, संघ ऱ्हायला तर मैदान पाहिजे ना?" तो म्हणाला. "गेल्या सालचं तिघांचं मानधन थकलंय. ते दिलं न्हाई तर औंदा आपल्याकडं कोन येनार? संघ नाव नोंदवनार न्हाई, तिकीट न्हाई, वर्गणी कोन देनार? मंग ठेवा मैदान. म्हसरं चारा."

मागून एक जण बोलला, तुमच्यावेळचा कोणी नव्हे, नवाच, "तात्यांनी त्या वडूजच्या पोराला फुकट सोडला नस्ता तर ही येळच आली नस्ती." आणि दुसरा म्हणाला, "नारळाला किती आलं वो तात्या?" हसले सगळे. अध्यक्षांनी त्यांना दटावलं, त्याचंच मला जास्त लागलं. काय बोलणार होतो? वस्तादांचा नियम होता, म्हणून? तुमच्या नियमानं तुमचं मैदान घालवलं, हे तुम्हाला सांगायचं कसं, सांगा.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी कागद घेतला. गेल्या हंगामाची शेवटची स्पर्धा साताऱ्यात होती. आपल्या अकरातले दोघे आपल्या गल्लीतले, बाकी बाहेरचे. स्ट्रायकर तर पार ईशान्येकडचा, मराठी शून्य, हिंदीही जेमतेम. पोरगा गुणी. तालमीच्या वरच्या खोलीत राहायचा, आमच्या घरून डबा जायचा, भाकरी मोडायला बायकोनं शिकवली. मानधन थकलं तेव्हा एकदाच आला, हात जोडून म्हणाला, "अंकल, घर में बोलना है, कब बोलूँ?" मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. तसे कैक आठवडे गेले. फायनलला मी साताऱ्याला गेलो तो तोंड पाडूनच, अगदी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. मनात म्हणत होतो, हरू देत, म्हणजे एकदाचे डोळे उघडतील.

शेवटची मिनिटं राहिली होती. त्यानं पाठीमागून आलेला बॉल छातीवर घेतला, खाली पडू दिला नाही, आणि वळता वळता असा हाणला की गोलकीपर जागचा हलला नाही. वस्ताद, मी उठलो. मी, या वयात, गुडघ्याची वाटी झिजलेला माणूस, दोन पायऱ्या खाली उड्या मारत गेलो. अनोळखी माणसाला मिठी मारली. घसा फुटेपर्यंत त्या पोराचं नाव ओरडत होतो. तुमच्या हाताखाली आम्ही एवढी वर्षं खेळलो, घाम गाळला, हरभरे खाल्ले, आणि एकदाही फायनल जिंकलो नाही. कप हातात आला तेव्हा मी रडलो, पण तुमच्या आठवणीनं नाही. तुम्ही मला आठवलाच नाहीत. परतीच्या गाडीत कराड ओलांडल्यावर आठवलात, तेही उगीचच.

सगळ्यांना वाटतंय मी उद्या नाइलाजानं सही करणार. अध्यक्ष सकाळी गाडी पाठवणार आहेत, वाटेत माझी समजूत घालायला दोघंजण बसवून. त्यांना कशाला सांगू? तुम्हाला सांगतो, आणि कागद फाडून टाकतो. मंडपवाल्याचा आगाऊ पैसा आला की त्या पोराचं थकलेलं देता येईल आणि तो औंदाही येईल, असं त्यानं कळवलंय. मला त्याला अजून एकदा खेळताना बघायचंय.