उंच टपाची गाडी

प्रिय दादा,

तुझे फोन मी उचलत नाही म्हणून आई चिडली आहे. पण फोनवर तू लगेच हसवतोस आणि मला बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. इकडे सगळे बरे आहेत. बाबांच्या गुडघ्याची सूज उतरली, मोसंबीला पाणी पुरतं आहे, आणि आई शेजारच्या उषाबाईंना हाताशी घेऊन करंज्या तळते आहे. कशासाठी, ते तुला माझ्याआधी ठाऊक होतं.

गाडीचं मी सगळ्यांत आधी तुलाच सांगितलं होतं. अंबरीन आणि मी बी.एस्सी. झालो तेव्हाच ठरलं, की दुर्बीण घेऊन गावोगाव जायचं आणि मुलींना शनीची कडी, चंद्रावरचे खड्डे दाखवायचे. पण आकाश दिसतं रात्री, आणि रात्री दोन पोरींनी मुक्कामाला जागा कुठे मागायची? तिथे सगळं अडत होतं. मग एखादी जुनी गाडी घेऊन, आतल्या सीटा काढून, आपल्याच हातांनी तिचं घर करायचं सुचलं. तू थट्टा केली नाहीस. उलट जुनी गाडी कशी निवडायची ते मला बसून शिकवलंस. रंगाला भुलायचं नाही, वाकून खालच्या पत्र्याचा गंज बघायचा, थंड इंजिन चालू करून धूर कसा येतो ते बघायचं. माझी एकच अट होती, आत सरळ उभं राहता आलं पाहिजे. वाकून कपडे बदलायचे तर ते घर कसलं! तू म्हणालास, "मंग नंदे, तुला उंच टपाचीच गाडी बघू." घरातली पहिली पदवीधर मी, पण मला कॉलेजात घालायला बाबांशी भांडला होतास तू. त्यामुळे तू नेशील तिथे मी डोळे झाकून आले.

आधी आष्टीला गेलो. गाडीवाल्यांचा मुलगा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता, आणि त्यांनी आपल्याला पोहे दिले. गाडी बघायला आलेल्यांचा एवढा पाहुणचार कशाला, असं मनात आलं, पण माणसं चांगली असतील म्हणून सोडून दिलं. परतताना मी म्हणाले, बुटकी आहे, आवाज फार करते आणि आतून पोकळ झाली आहे. तू मोटरसायकल बाजूला घेऊन पोट धरून हसलास. एवढं हसण्यासारखं काय आहे, असं मी विचारलंसुद्धा. "काही न्हाई गं, चाल," म्हणालास.

मग हसनाबाद. ती गाडी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पांढरी, उंच टपाची, खालचा पत्रा कोरा. मी आत जाऊन उभी राहिले आणि डोक्यावर हात वर करायलाही जागा उरली. झोपायला लांबी पुरते का बघावं म्हणून सीटांच्या मधल्या जागेत मी सरळ आडवी झाले. पदर तोंडावर घेऊन बायका हसत होत्या, मीही हसले. त्या घरच्या मुलाच्या, भागवतच्या आईने विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, येतो की, आणि गॅस कुठे ठेवणार, भांडी कुठे टांगणार, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी लई हिशेबी हाय." घरात कोण कोण, शिक्षण किती, रात्री-अपरात्री फिरायची भीती वाटत नाही का. मला वाटलं, गाडी कुणाच्या हातात जाते आहे याची एवढी काळजी करणारी माणसं! मग त्यांचे अण्णासाहेब काका, तक्क्याला टेकून, सगळ्यांसमोर म्हणाले, "मंग पोरी, लाजू नको. पसंत हाय का?" माझा हात तेव्हा गाडीच्या दारावर होता. मी मोठ्याने म्हणाले, "बिलकुल पसंत आहे, काका."

लगेच पेढे आले. मला कुंकू लावून हातात नारळ दिला. परतताना मी तुला विचारलं, गाडीच्या सौद्यात मला नारळ कशाला? तू पुढे बघत म्हणालास, पहिल्यांदा घरी आलीस, रीत असते. तेव्हा तू हसला नाहीस, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे.

परवा भागवतच्या आईचा फोन आला, ब्लाउजचं माप हवं होतं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तूच तर सगळ्यांत पसंत म्हणून आलीस!" दादा, बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. तुझ्या तोंडूनच त्यांना कळलं, की पोरीने स्वतः जाऊन मुलगा बघितला आणि होकार दिला. ते गावभर अभिमानाने सांगत होते, माझ्या पोरीला मी विचारल्याबिगर दिली न्हाई. मी खरं सांगितलं तर म्हणाले, "सोमेश्वर खोटं बोलणार न्हाई. तुझं मन फिरलं असंल, तर तसं सांग." मी आजपर्यंत त्यांच्याशी खोटं बोलले नाही, पण तुझा शब्द माझ्यापेक्षा जड भरला.

मग मी भागवतला फोन केला. एका अनोळखी माणसाने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला. मग तो एवढंच म्हणाला, "ती गाडी आमची वऱ्हाडाची हाय. विकायची कधीच नव्हती. तुमच्या भावाला म्हाईत होतं."

तू माझं भलंच बघितलं असशील. मुलगा वाईट नाही, हे मलाही कळतं. पण भलं करायचं होतं तर मला विचारायचं होतंस. मी नाही म्हणाले असते आणि तू माझ्याशी भांडला असतास. भांडण मला चाललं असतं. तू मला गाडी निवडायला शिकवलंस आणि त्याच शिकवणीच्या आडून मला दाखवून आणलंस.

शुक्रवारी ते साखरपुड्याला येणार आहेत. बाबा म्हणाले आहेत, सोमेश्वरने माझ्यासमोर येऊन सांगितलं तर मी स्वतः हसनाबादला जाऊन हात जोडतो. म्हणून हे पत्र. गुरुवारी ये आणि मला त्या दिवशी काय सांगून नेलं होतंस, तेवढं बाबांना सांग. नाही आलास, तर शुक्रवारी सगळ्यांसमोर नाही मीच म्हणेन, आणि भर बैठकीत बाबांची मान खाली जाईल. ती कुणामुळे गेली, ते मी तिथे सांगणार नाही. ते तुलाच माहीत असू दे.

अजून तरी तुझीच,
नंदा