तिच्या बंगल्याच्या काचा

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. समोरच्या बंगल्यात ती राहायला आली आहे. सत्तेचाळीस वर्षांनी. बाल्कनीत उभी होती. केस पांढरे झालेत, पण मानेचा तोरा तोच. तेव्हा ती कारखानदाराची मुलगी आणि मी काचा बसवणाऱ्याच्या हाताखालचा माणूस. आडवा आला तो फक्त पैसा. सिमेंटच्या धंद्यातला एक सिमेंटवाला मोटार घेऊन आला आणि तिला लग्न करून घेऊन गेला. प्रेम माझ्यावरच होतं. तसं कधी बोलली नाही, पण त्यांच्याकडे काम चालू असताना मला दोनदा पाणी विचारलं होतं.
निश्चय: समोर जाऊन ओळख द्यायची. सिमेंटवाल्याच्या एक थोबाडीत मारायची. एकच. मग मोठ्या मनाने माफ करायचं.

४ मार्च
थोबाडीत मारायची प्रॅक्टिस केली. उशी फाटली. मुलगी धावत आली, बाबा, हे काय? म्हटलं, डास. म्हणाली, केवढा हो? जावई दारात उभा राहून हसत होता. त्याला नंतर बघतो.

६ मार्च
सरळ गेलो तर वॉचमन हाकलणार. पण काच फुटली की काचवाला लागतोच, आणि या रस्त्यावर मीच एक. धंदा बंद करून सहा वर्षं झाली, हात मात्र तसाच आहे. बेचकी केली. पहिला दगड शेजारच्या डेंटिस्टच्या गाडीवर. त्याने पेपरवाल्याची गचांडी धरली. पेपरवाल्याने त्याला सायकलचा पंप हाणला. माणुसकी म्हणून सोडवायला गेलो. दोघांनी मिळून मला मारलं. उद्यापासून नेम सुधारणार.

९ मार्च
फुटली! आवाजावरून चार एमएम, साधी. टेप आणि काच कापायचा हिरा घेऊन गेटवर हजर. तासाभरात एका कंपनीची व्हॅन आली. युनिफॉर्मवाला म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा, लागेल. म्हटलं, पुट्टी अशी भरतात होय रे, गाढवा? कॉलर धरली. त्याने मला नुसतं उचलून बाजूला ठेवलं, ते नेमकं कुंडीवर. कुंडी फुटली, कपाळ फुटलं. कपाळ जास्त.

१२ मार्च
तीन काचा एकदम फोडल्या. आता कंपनीला झेपणार नाही. पळताना कुत्र्याने पोटरी धरली. मी त्याचा कान धरला. आधी त्याने सोडलं, हे नोंदवून ठेवतो. इंजेक्शनं पाच.

१४ मार्च, सकाळी
बोलावणं आलं! वॉचमन म्हणाला, कंपनीला आठ दिवस सवड नाही, बाईसाहेब म्हणाल्या जवळचा कोणी बघ. जावयाचा नवा शर्ट काढला. म्हणाला, निदान विचारा तरी! झोंबाझोंबी झाली. कपाटाचा आरसा गेला. मुलगी रडते आहे. शर्ट मात्र मीच मिळवला. एक बाही त्याच्याकडे राहिली.

१४ मार्च, दुपारी
दार तिनेच उघडलं. म्हणाली, काका, मागच्या दाराने या. माझ्याहून वर्षाने मोठी आहे. राग मानला नाही, मोठ्या घरची पद्धत असते.
सिमेंटवाला सोफ्यावर बसला होता. सरळ गेलो आणि दिली ठेवून. चष्मा उडाला. गाल चोळत म्हणाला, अहो, ॲडव्हान्स हवा होता तर तोंडाने सांगायचं!
तेवढ्यात तिने माझीच मापाची लाकडी पट्टी उचलली आणि मला झोडपायला लागली. मी ओरडलो, ओळखलं नाहीस? मी! सत्तेचाळीस वर्षं झाली! तुझ्यासाठी झुरणारा!
ती थांबली. जवळ येऊन नीट पाहिलं. डोळे भरून आले. हळूच म्हणाली, तू? सर्कशीतला क्लॅरिनेटवाला?
असं माझ्याकडे जन्मात कोणी पाहिलं नव्हतं.
म्हटलं, हो.
मग मात्र पट्टी मोडेपर्यंत मारलं. मेल्या, बॅग घेऊन तीन तास स्टेशनवर उभी होते मी! पट्टी मोडल्यावर हातात आलं ते. सिमेंटवाला जमिनीवर चष्मा चाचपडत विचारत होता, कुठलं स्टेशन? अगं, कधी?

२४ मार्च
उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याने लिहितो आहे. पोलीस आले नाहीत. सिमेंटवाला वॉचमनला म्हणाला म्हणे, आमचा घरचा मामला आहे. काचा शेवटी कंपनीनेच बसवल्या. पुट्टी वाईट.
त्या क्लॅरिनेटवाल्याला मी पाहिलं होतं. पायात चप्पल नसायची. क्लॅरिनेटसुद्धा सर्कशीच्या मालकाचं. तेव्हा पैसा आडवा आला, या मुद्द्यावर पुन्हा एकदा विचार करावा लागेल. सवडीने करीन.
पण ती घरदार सोडून, बॅग घेऊन, तीन तास स्टेशनवर उभी राहिली होती, एवढं खरं. कोणासाठी, ते इथे लिहायची गरज नाही.